बॅटरी मेली नव्हती

आष्टीत, म्हणजे माझ्या सासरवाडीत, एखादे लग्न लागून पंगती बसल्या की माझा मेहुणा हातातली बुंदीची परात बाजूला ठेवतो आणि एक गोष्ट सांगू लागतो. गोष्ट माझी आणि माझ्या पत्नीची, म्हणजे त्याच्या अक्काची, असते. ती सांगण्याचा हक्क मात्र त्याने परस्पर आपल्याकडे घेतला आहे. "दाजींनी टेंपोचं घर केलं. वर सोलर, खाली बॅटऱ्या. आष्टीत आले अन् बॅटरी मेली. मंग म्या माज्या ट्रॅक्टरची बॅटरी लावली, अन् तिच्यावर अक्का समुद्र बघून आली!" लोक हसतात, वाढपी थबकतात, आणि नव्या पिढीतली मुले माझ्याकडे दयेने पाहतात.

या कथनात तीन विधाने आहेत. ट्रॅक्टरची बॅटरी लावली, हे खरे आहे. माझी बॅटरी मेली, हे खोटे आहे. आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर समुद्र पाहिला, हे इतके खोटे आहे की ते ऐकताना बुंदी माझ्या घशाखाली उतरत नाही. आजवर मी पंगतीत गप्प राहिलो, कारण जावयाने सासरच्या मांडवात आवाज चढवू नये अशी आमच्याकडे रीत आहे. कागदावर मात्र मी कोणाचाही जावई नाही.

बीडला एस.टी. स्टँडच्या मागे माझे बॅटऱ्या चार्ज करण्याचे आणि दुरुस्त करण्याचे दुकान होते. बाजार खुला झाला असे वर्तमानपत्रे रोज लिहीत होती, ती ही वर्षे. काल ज्याच्या दारात सायकल होती त्याच्या दारात स्कूटर दिसू लागली, खेड्याखेड्यांत रंगीत टीव्ही आले, लग्नात व्हिडिओ कॅमेरे आले. वीज मात्र होती तेवढीच होती. मागणारे वाढल्यामुळे ती दिवसेंदिवस कमीच वाटू लागली. क्रिकेटचा सामना रंगात यावा आणि लाइट जावी, हा नित्याचा प्रकार. मग कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला लावी, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू होईना म्हणून तीच बॅटरी डोक्यावर घेऊन माझ्याकडे येई. मेलेली बॅटरी कोणती आणि नुसती उपाशी बॅटरी कोणती, हे मी तिच्या पाण्याच्या रंगावरून ओळखत असे. तेव्हा बॅटरीच्या मरणाविषयी मला कोणी शिकवू नये.

माझ्या पत्नीला दमा होता. औषधाची वाफ करून ती मुखवट्यावाटे नाकातोंडात सोडणारे एक यंत्र डॉक्टरांनी तिला दिले होते. आम्ही त्याला मशीनच म्हणत असू. त्या मशीनने तिचा श्वास सोडवला आणि तिला घरात बांधून ठेवले. मशीनला वीज हवी. घरात मी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून ठेवला होता, म्हणून घरात ती निर्धास्त असे. परंतु परगावी रात्र काढायची म्हटली की पहिला प्रश्न तिथे लाइट असते का हा, आणि आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. वर्षानुवर्षे ती माहेरी राहायला गेली नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

एके दिवशी नव्या रंगीत टीव्हीवर समुद्र दिसला. ती भाजी निवडत होती, हात थांबले.

"येवढं पानी, अन् पिता येत न्हाई?" ती म्हणाली.

"खारट असतं."

"मंग कावून ठिवलंय ते येवढं?" थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, ती पुढे म्हणाली, "येकदा बघाया पायजे व्हतं."

'पायजे व्हतं' हा भूतकाळ माझ्या जिव्हारी लागला. ज्या माणसाने निम्म्या जिल्ह्याच्या बॅटऱ्या जगवल्या, त्याच्या बायकोने बॅटरीअभावी समुद्राचा विषय भूतकाळात बोलावा? मी त्याच क्षणी ठरवले की घर जर हिला सोडत नसेल तर घरालाच चाके लावायची.

एका बँडवाल्याचा जुना टेंपो विकायला निघाला होता. वरून बंद, मागे उघडणारे दार, आत वादकांची बाकडी. तो मी घेतला. त्याला मी पांढरा रंग दिला, तरी आतून लाल-पिवळी अक्षरे डोकावतच राहिली, आणि पुढे संपूर्ण प्रवासात जिथे थांबू तिथे लोक विचारत, "वरात कोनाची हो?" बाकड्यांचा पलंग केला, त्यावर गादी, एका कोपऱ्यात स्टो आणि पाण्याची टाकी, एक छोटा पंखा, एक छोटा टीव्ही. खिडकीला तिने स्वतः पडदे शिवले.

सौर पट्ट्या पुण्याहून आणल्या. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर, गोधडीत गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून. कंडक्टरने हळू आवाजात विचारले, "पेशंट हाय का?" मी म्हणालो, "न्हाई. डॉक्टर हाय." तो बिचारा उरलेला सगळा वेळ त्या गोधडीकडे संशयाने पाहत राहिला.

आता बॅटऱ्यांविषयी. इथेच लोक सर्वाधिक खोटे बोलतात, म्हणून मी सविस्तर लिहितो. मी चार बॅटऱ्या घेतल्या. चारही एका मापाच्या, एका वयाच्या, एकाच दिवशी पाणी भरलेल्या. पाहायला येणारा प्रत्येक जण सल्ला देई की दुकानात एवढ्या जुन्या बॅटऱ्या पडल्या आहेत, त्यांतल्याच दोन जोडा. अशांना मी विचारी, "तुम्ही एका जुवाला म्हातारा बैल अन् तरणा गोऱ्हा जुंपता का?" म्हातारा ओढत नाही आणि गोऱ्ह्यालाही ओढू देत नाही. बॅटऱ्यांचेही तसेच. एक थकलेली असली की बाकीच्या आपली ताकद तिलाच पाजत बसतात. टेंपोच्या इंजिनाची बॅटरी मी पूर्णपणे निराळी ठेवली; तिचा घराशी संबंध नाही. कारण घराने तिला चोखून टाकली तर सकाळी गाडी सुरू कशी होणार?

चौघींना शेजारी शेजारी बसवून अधिकाची टोके अधिकाला आणि उण्याची उण्याला जोडली. परंतु इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या दोन जाड तारा मी एकाच बॅटरीवरून घेतल्या नाहीत. अधिकाची पहिलीवरून घेतली, उण्याची चौथीवरून. म्हणजे चौघींवर सारखा भार. एकीवरूनच दोन्ही तारा घेणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यांची पहिली बॅटरी राबून मरते आणि चौथी बसून सडते. खाली रबर, भोवती सागाच्या लाकडाची पेटी, पेटीला बाहेरच्या बाजूने जाळी, कारण चार्ज होताना बॅटरी जो वायू सोडते तो पलंगाखाली साठता कामा नये. प्रत्येक सांध्यावर व्हॅसलीनचा हात. ती पेटी मी बांधली तशी मी माझ्या घराची भिंतसुद्धा बांधली नाही.

आणि मग तो दुपारचा क्षण! पट्ट्या टपावर चढल्या, तारा खाली आल्या, मी शेवटचा नट आवळला आणि मीटरकडे पाहिले. काटा हलला. इंजिन बंद, लाइट गेलेली, सगळी गल्ली घामाने निथळत बसलेली, आणि माझ्या पेटीत बीडचे ऊन उतरत होते! ज्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, ज्याच्यापासून पाठ चोरत सावलीसावलीने चाललो, ते ऊन तारेतून मुकाट चालत येत होते. मी ओरडलो, "अगं, ये लवकर! मशीन घेऊन ये!" ती कणकेच्या हाताने आली. मशीन लावले, ते घरघरले, मुखवट्यातून पांढरी वाफ आली. तिने मुखवटा तोंडाला लावला नाही. वाफेत नुसता हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "उन्हाची वाफ हाय व्हय ही?"

ठरले. आधी आष्टीला माहेरी मुक्काम, आणि तेथे सर्व ठीक झाले तर पुढे नगरवरून पुणे आणि पुण्यावरून घाट उतरून समुद्र. निघालो तेव्हा दिवस हुरड्याचे होते. रस्त्याने ऊसतोडीला उशिराने निघालेल्या कुटुंबांचे ट्रक आमच्या पुढेमागे होते. भांडी, कोंबड्या, पोरे, सगळा संसार घेऊन. एका ट्रकातली बाई आमच्या खिडकीचे पडदे पाहून ओरडली, "ताई, तुमी कंच्या कारखान्याला?" पत्नी खिडकीतून ओरडली, "आमी समुद्राला!" तिचा एवढा चढा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

आष्टीत पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. सासरे, मेहुणा, भावकी, सगळे दारात. मला उतरवून, पाय धुवायला पाणी देऊन आत नेले. जावई एकदा लोडाला टेकला की त्याने अंगणात पाऊल टाकायचे नाही. कपबशी उचलायला गेलो तरी चार जण धावतात. टेंपोची किल्ली मेहुण्याने माझ्या हातून जवळजवळ हिसकावून घेतली. "दाजी, तुमी बसा. गाडीचा बंदोबस्त माजा."

त्याचा बंदोबस्त असा होता. आमच्याकडे पाहुण्याची गाडी, बैल किंवा स्वतः पाहुणा उन्हात उभा राहिला तर तो यजमानाचा अपमान असतो. अंगणाच्या मागे त्यांची भलीमोठी चिंच आहे, भर दुपारी तिच्याखाली संध्याकाळ वाटते. मेहुण्याने टेंपो थेट तिच्या बुंध्याला नेऊन लावला. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. टपावर दाजींची महागाची काच आहे, तिच्यावर चिंचा पडतील, पाखरे घाण करतील, म्हणून त्याने वर चढून सौर पट्ट्यांवर ताडपत्री अंथरली आणि ती चारी बाजूंनी सुतळीने आवळून बांधली. हे सारे त्याने अत्यंत प्रेमाने केले, याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पुढे दोन दिवस तो गावातल्या लोकांना बोलावून आत पंखा आणि टीव्ही लावून दाखवत राहिला. "बगा, बिनलाइटीचा टीव्ही! आमच्या दाजीनं केलाय!" मी आत, लोडाला टेकून, पुरणपोळी खात होतो आणि बाहेरून येणारे कौतुक ऐकून फुलत होतो.

कोणी म्हणेल की गाडी उन्हात ठेवा असे तुम्ही बजावायला हवे होते. का म्हणून? विहिरीवर मोटार बसवणारा मनुष्य विहिरीत पाणी ठेवा असे बजावतो काय?

तिसऱ्या दिवशी शेतात हुरडा होता. पत्नीला सर्वांनी घरीच थांब म्हणून विनवले, परंतु मशीन घराजवळच टेंपोत असल्याच्या भरवशावर ती आली आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीभोवती बहिणीभावजयांत जाऊन बसली. गरम हुरडा तळहातावर चोळून खाताना तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याचे मी वर्णन करणार नाही. मग वारा फिरला आणि धूर तिच्याकडे आला.

घरी आणले तेव्हा तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दिवेलागणीची वेळ, आणि गावाची लाइट नेमकी गेलेली. तिला टेंपोतल्या पलंगावर बसवले, मशीन लावले. ते एकदा घरघरले. इन्व्हर्टरने टींऽटीं केले आणि सर्व बंद पडले. मी पुन्हा बटण दाबले. पुन्हा टींऽटीं.

मेहुणा धावला. हे मी नाकारत नाही, कधीही नाकारले नाही. त्याने ट्रॅक्टरची बॅटरी काढून छातीशी धरून आणली, मी तिच्या तारा इन्व्हर्टरला लावल्या, मशीन चालले, वाफ आली, आणि हळूहळू पत्नीच्या मानेच्या शिरा खाली बसल्या. त्या उपकाराबद्दल मी त्याचे पाय धरायला तयार होतो. परंतु त्याने मला वेळ दिला नाही.

"दाजी, तुमची बॅटरी मेली बगा," तो सर्वांदेखत म्हणाला. "लई हौस केली, पन सोलर-बिलर समदं खेळनं हाय. ही माजी बॅटरी घ्या त्यांच्यात जोडून, अन् अक्काला घिऊन गुमान घरी जावा."

सासऱ्यांनी मान हलवली. "जावईबापू, लेकीच्या जिवाशी खेळ नको. समुद्र काय, पळून चाललाय?"

मी पत्नीकडे पाहिले. ती पडद्याची कड बोटात गुंडाळून सोडत होती. ती एवढे जरी म्हणाली असती, की बरं, घरी जाऊ, तर तो समुद्र तिच्यासाठी कायमचा भूतकाळात गेला असता. हे मला कळत होते आणि तिलाही.

सकाळी, जावईपणाची तमा न बाळगता, मी अंगणात गेलो. रात्री अंधारात दिसले नव्हते ते आता दिसले: टेंपोवर चिंचेच्या गडद सावलीचा ढीग पडला होता, आणि त्याखाली ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली माझ्या पट्ट्या! मी टपावर चढलो आणि खिशातल्या चाकूने सुतळी कापू लागलो.

"दाजी, आवो काय करता? काच तडकंल उन्हानं!" मेहुणा खालून ओरडला.

"अरे बाबा, ती काच नाही, तोंड आहे तोंड! तिला ऊन खायचं असतं!" मी वरून ओरडलो. "दोन दिवस तू तिचं तोंड बांधलंस, वर सगळ्या गावाला बिनलाइटीचा टीव्ही दाखवलास! उपाशी बैलाला नांगराला जुंपायचं, अन् बसला की म्हणायचं मेला!"

"आमी काय जावयाची गाडी उन्हात उभी करू? गाव थुकंल आमच्या तोंडावर!"

"थुंकू दे!"

गाव जमले. त्याने ट्रॅक्टरची बॅटरी पुन्हा पुढे केली. मी ती माझ्या चौघींच्या जवळही येऊ दिली नाही. टेंपो बाहेर काढून गावाच्या कडेच्या खळ्यात नेला, जिथे झाडाचे एक पान नाही. पेटी उघडली आणि पाण्याची ताकद मोजणारी काचेची नळी चारही बॅटऱ्यांत बुडवून सर्वांना दाखवली. चौघींतही तरंगणारा काटा सारखाच खाली बसला होता. मेलेली बॅटरी अशी नसते. मेलेली एकटी मरते. या चौघी मिळून उपाशी होत्या.

मग मी खळ्यातच बसलो. ते दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्या दुपारी बॅटऱ्यांत बारीक बुडबुडे फुटू लागले, जणू पोटात अन्न पडल्यावर कोणी सुस्कारा टाकावा. दर थोड्या वेळाने मी नळी बुडवी आणि काटा वर सरकलेला दिसला की ओरडून सांगे. प्रथम लोक मला हसायला येत होते, नंतर काटा कुठवर आला हे विचारायला येऊ लागले. कोणी भाकरी आणून देई, कोणी डोक्याला उपरणे. दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यात जत्रा भरली होती.

त्या संध्याकाळी मी मशीन पत्नीच्या हातात दिले, इन्व्हर्टर सुरू केला, पंखा लावला, टीव्ही लावला आणि मेहुण्याला समोर बसवले. "आता तू बघ, कधी मरते ते." दिवस मावळला. मशीन चालले होते. गाई परतल्या. मशीन चालले होते. मेहुण्याने तीनदा वाकून पेटीखाली पाहिले, कुठे ट्रॅक्टरची बॅटरी दडवली आहे काय म्हणून! अखेर पत्नीनेच मशीन बंद केले आणि भावाला म्हणाली, "ऊठ आता, घरी जा. सकाळी दशम्या बांधून दे. नगरपातुर पुरतील येवढ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेला निघालो. घाट उतरताना तिचा श्वास दोनदा लागला आणि दोन्ही वेळा मशीन निर्विघ्न चालले. कोकणात ज्यांच्या वाडीत उतरलो ते यजमान फार मायाळू होते. आम्ही उतरतो न उतरतो तोच म्हणाले, "गाडी माडाखाली घ्या हो, उन्हात तापेल." मी तोंड उघडण्यापूर्वीच पत्नी पुढे झाली.

"न्हाई. गाडी उन्हातच ऱ्हाईल. अन् कुनी झाकाया गेलं तर पैले मला हाक मारा."

सकाळी टेंपो वाळूच्या कडेला, उघड्यावर उभा केला. ती मागचे दार उघडून पाय खाली सोडून बसली, मुखवटा तोंडाला, मशीन घरघरत होते, आणि समोर तो सगळा पसरला होता. मग तिने मुखवटा काढून माझ्या मांडीवर ठेवला, बटण स्वतः बंद केले आणि उतरली.

"अगं, मशीन?"

"ऱ्हाऊ द्या हितंच. चालतंय ते, कळलं मला."

ती पाण्याकडे चालत गेली. माझी वायर जिथवर पोहोचली असती तिथून पुढे गेली, मग आणखी पुढे, लुगड्याचा काठ भिजेपर्यंत, आणि तिथून वळून तिने दोन्ही हात वर केले. पाणी चाखून तिने तोंड वाकडे केले आणि मोठ्याने हसली. ते हसणे मला लाटांवरून ऐकू आले. तेव्हा पेटीत माझ्या चार बॅटऱ्या होत्या, भरलेल्या, उन्हाने तट्ट. ट्रॅक्टरची बॅटरी आष्टीत होती, ट्रॅक्टरमध्ये, माझ्या मेहुण्याच्या बुडाखाली.